ड्रायव्हरचे नवीकरण आणि जतन : एक तत्त्वविचार

संगणकाचा ड्रायव्हर बदलताना एक जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो. जे आज नीट चालले आहे ते सोडून, अधिक चांगले म्हणून पुढे आलेले घ्यावे का? घ्यायचे तर कोणाच्या शब्दावर? आणि घेतल्यानंतर जुन्याचे काय करावे? ड्रायव्हर अपडेट करणाऱ्या आणि त्यांचा बॅकअप घेणाऱ्या साधनांपुढे हे तीनही प्रश्न रोज असतात. त्यांची उत्तरे निव्वळ तांत्रिक नाहीत. ज्ञान कशाने खरे ठरते, परंपरा कशी टिकते आणि बदल करणाऱ्याची जबाबदारी कुठवर जाते, या भारतीय विचारातील मूलभूत चर्चांशी ती जोडलेली आहेत.

दुव्याचे स्वरूप

प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय, बोटांचे ठसे घेणारे यंत्र अशी उपकरणे आणि संगणकाची कार्यप्रणाली यांना जोडणारा दुवा म्हणजे ड्रायव्हर. कार्यप्रणाली फक्त ‘हे पान छापा’ एवढे सांगू शकते. त्या ठरावीक प्रिंटरला कोणते संकेत कोणत्या क्रमाने द्यायचे, हे तिला माहीत नसते. ते ड्रायव्हरला माहीत असते.

मध्य प्रदेशाच्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्यात असलेल्या मोहगावच्या माणसाला हे दुव्याचे काम वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. बोलणे मराठीत, कागद हिंदीत, ही इथली रीत मात्र तीच आहे. सरकारी कामे करून देणाऱ्या कियोस्कवर बसलेला मुलगा शेतकऱ्याचे म्हणणे मराठीत ऐकून घेतो आणि अर्ज हिंदीत भरतो. त्याच्या हातून चूक झाली तर शेतकरी खोटा ठरत नाही, कार्यालयही खोटे ठरत नाही, तरी काम अडतेच. ड्रायव्हरची जागा नेमकी अशी आहे. प्रिंटर धडधाकट, संगणकही धडधाकट, पण मधला दुवा चुकला की कागद बाहेर येत नाही.

दुव्याला दुय्यम मानण्याची सवय इथे अडचणीची ठरते. गावोगावच्या दुकानांत वर्षानुवर्षे चालणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर पाहावा. पान कसे उमटायचे याची बहुतेक आखणी तो स्वतः करत नाही. संगणकात बसलेला त्याचा ड्रायव्हर करतो. म्हणजे त्या प्रिंटरचे निम्मे शहाणपण त्याच्या पेटीबाहेर आहे. मोहगावचे अर्धनारीश्वराचे मंदिर या भागाचे श्रद्धास्थान आहे. त्या रूपाचा एक अर्थ असा की, दोन अंगे एकमेकांत विरघळत नाहीत, आपापली ओळख राखतात, आणि तरीही एकटे कोणतेच पूर्ण नसते. पूर्णता त्यांच्या सांध्यात असते. ड्रायव्हरकडे याच दृष्टीने पाहिले की तो निष्काळजीपणे बदलायची वस्तू का नाही, हे कळते.

नव्याची बाजू

नवीकरणाची गरज खरी आहे. ड्रायव्हर हा माणसाने लिहिलेला मजकूर असल्याने त्यात चुका राहतात, आणि कित्येक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात, सर्वाधिकारासह चालतात. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तेवढा प्रोग्रॅम बंद पडतो. गाभ्यातल्या ड्रायव्हरची चूक सगळा संगणक निळ्या पडद्यावर आणून उभा करते. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली मांडलेल्या ‘नूक्स’ या प्रसिद्ध शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्क्यांचे मूळ ड्रायव्हरमध्ये असल्याचे म्हटले आहे. दुव्यात एवढी जोखीम असेल तर सुधारणा नाकारणे हाही दोषच होय.

शिवाय भोवतालचे जग स्थिर राहत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे अपडेट थांबले. आधार-पडताळणीसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांतही जुन्या ‘एल झीरो’ दर्जाची जागा अधिक सुरक्षित ‘एल वन’ दर्जाने घेतली. नव्या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर लागतो आणि त्याच्या जोडीचा ‘आरडी सर्विस’ हा स्वतंत्र प्रोग्रॅमही लागतो. काल चालणारे आज चालावे म्हणून काही तरी बदलावेच लागते. इथे जे टिकते ते बदलूनच टिकते.

शब्द कोणाचा मानावा

नवा ड्रायव्हर चांगला आहे हे वापरणाऱ्याने स्वतः पाहिलेले नसते. आतला मजकूर त्याला वाचता येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष हे प्रमाण इथे हाती नाही. उरतात अनुमान आणि शब्द. न्यायदर्शनाने या दोन्ही प्रमाणांची जी चिकित्सा केली आहे ती इथे जशीच्या तशी लागू पडते.

प्रथम अनुमान. ड्रायव्हर शोधणारे साधन प्रत्येक उपकरणाचा ओळख-क्रमांक वाचते. त्यात निर्मात्याचा सांकेतिक अंक असतो (इंटेलसाठी ८०८६) आणि उपकरणाचाही असतो. त्या अंकांशी जुळणारा सर्वांत नवा ड्रायव्हर साठ्यातून काढून ते पुढे करते. धूर दिसला म्हणून अग्नी मानावा, तसा हा तर्क आहे : अंक जुळला, म्हणून ड्रायव्हर योग्य. पण हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, सव्यभिचार असेल, म्हणजे जे सिद्ध करायचे ते साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळत असेल, तर अनुमान कोसळते, असे नैयायिक बजावतात. इथे तसे घडते. एकाच जातीची ध्वनिचिप अनेक लॅपटॉप कंपन्या वापरतात आणि आपापल्या स्पीकरप्रमाणे व हेडफोनच्या खोबणीप्रमाणे ड्रायव्हरमध्ये फेरफार करतात. चिपचा अंक जुळतो, पण त्या लॅपटॉपसाठी केलेले बारकावे सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये नसतात. मग आवृत्तीचा आकडा पुढचा असतो आणि आवाज मात्र बंद होतो. म्हणून उपकरणाच्या अंकापाठोपाठ येणारा, लॅपटॉप-निर्मात्याचा उप-अंकही जुळवणे आवश्यक असते. ‘नवीनतम’ म्हणजे ‘योग्य’ हे समीकरण तर्काच्या कसोटीवर टिकत नाही.

आता शब्द. न्यायसूत्रांनी आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले आहे. आप्त कोण, याचे या सूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने केलेले विवेचन आजही मार्गदर्शक आहे : ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखीच लागू होते, असेही तो सांगतो. आप्तत्व कुळावरून किंवा नावावरून ठरत नाही. ज्ञान आणि प्रामाणिकपणा यांवरून ठरते.

या कसोटीवर ड्रायव्हरच्या स्रोतांची क्रमवारी लावता येते. उपकरण ज्याने बनवले त्याला त्याचे साक्षात ज्ञान असते. लॅपटॉप जुळवणाऱ्याला त्या जुळणीचे असते. विंडोज अपडेटमधून येणारा ड्रायव्हर निर्मात्याकडून येतो आणि ठरलेल्या तपासणीतून जातो. ड्रायव्हर बूस्टर किंवा स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर यांसारखी तिसऱ्या पक्षाची साधने दुसऱ्यांचे ड्रायव्हर गोळा करून जुळवून देतात. त्यांचे ज्ञान ऐकीव आहे. तेवढ्याने ती त्याज्य ठरत नाहीत. ज्या जुन्या यंत्राच्या निर्मात्याचे पानच आता सापडत नाही, त्यासाठी ती उपयोगी पडतात. पण ऐकीव ज्ञानाचे वजन साक्षात ज्ञानाइतके नसते, आणि संगणकात पंचवीस ‘दोष’ दाखवून पैसे भरायला लावणाऱ्या साधनाच्या बाबतीत आप्ताची दुसरी अटही, म्हणजे जसे आहे तसे सांगण्याची इच्छाही, संशयास्पद होते.

डिजिटल सही ही शब्दप्रमाणाची आजची मुद्रा आहे. ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर सही सक्तीची झाली, आणि २०१६च्या विंडोज १० आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरांसाठी मायक्रोसॉफ्टची सही अपेक्षित आहे. सही दोन गोष्टी सांगते : मजकूर कोणाकडून आला, आणि वाटेत त्यात बदल झाला नाही. मजकूर निर्दोष आहे असे ती सांगत नाही. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी केलेल्या सह्या होत्या. मुद्रा खरी होती, शब्द आप्ताचा नव्हता. शब्दप्रमाण मानायचे, पण ते बाधित होऊ शकते हे गृहीत धरून मानायचे, असा याचा अर्थ होतो. आणि इथेच बॅकअपची तात्त्विक गरज उभी राहते.

परतीची वाट

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या साधनासाठी एक फाइल जगभर पाठवली. त्या साधनाचा ड्रायव्हर गाभ्यात चालणारा, तपासलेला आणि सही असलेला होता. मात्र तो वाचत असलेली ती नवी फाइल सदोष निघाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानसेवा कोलमडल्या आणि भारतातही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली, पण जे संगणक सुरूच होत नव्हते त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जाऊन ते सेफ मोडमध्ये उघडावे लागले आणि फाइल हाताने पुसावी लागली. चूक होणे अटळ असते. अनर्थ होतो तो परतीची वाट त्याच यंत्राच्या सुरू होण्यावर अवलंबून ठेवल्यामुळे.

हाच पेच लहान प्रमाणात कोणत्याही दुकानात दिसतो. संगणकाला ‘फॉरमॅट मारला’ की कधीकधी नेटवर्कचाच ड्रायव्हर जातो. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात : दोन गोष्टी एकमेकींवरच टेकल्या की दोन्हींना आधार उरत नाही. हे वर्तुळ फक्त बाहेरून, आधीच वेगळे राखून ठेवलेल्या गोष्टीने तुटते. पेन ड्राइव्हवरचा ड्रायव्हरांचा फोल्डर ही ती गोष्ट होय.

विंडोजमध्ये याची तीन पायऱ्यांची सोय आहे. पहिली, डिव्हाइस मॅनेजरमधले ‘रोल बॅक’. विंडोज एक्सपीपासून आलेली ही सोय लगतच्या मागच्या आवृत्तीवर नेते, त्यापलीकडे नाही. दुसरी, रिस्टोअर पॉइंट. तो संगणकाच्या आतच राहतो, त्यामुळे डिस्क गेली की तोही जातो. तिसरी, ड्रायव्हरांची बाहेर काढलेली प्रत. विंडोज बसवलेल्या ड्रायव्हरांचे संच ‘ड्रायव्हर स्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये जपते. ‘पीएनपीयूटिल’ या विंडोजच्याच साधनाला एक्स्पोर्टची आज्ञा दिली की बाहेरून बसवलेले सर्व ड्रायव्हर हव्या त्या फोल्डरमध्ये उतरतात, आणि तेच साधन ते पुन्हा बसवूही शकते. ‘डबल ड्रायव्हर’सारख्या साधनांत हेच काम यादीत खुणा करून होते. या प्रतीत सूचना सांगणारी फाइल, प्रत्यक्ष ड्रायव्हर आणि सहीची यादी एकत्र येतात. आरडी सर्विससारखे स्वतंत्र प्रोग्रॅम मात्र त्यात येत नाहीत. त्यांचे इन्स्टॉलर वेगळे ठेवावे लागतात. जी प्रत कधी परत बसवून पाहिली नाही तिच्यावरचा विश्वासही ऐकीवच असतो.

परंपरेने दिलेले दोन नमुने

जपणे आणि नवे करणे यांचा मेळ मराठी परंपरेने फार गंभीरपणे घातला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मधली. पुढच्या जवळपास तीनशे वर्षांत नकलांमागून नकला होताना तिच्यात अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पोथ्या ताडून तिची प्रतिशुद्धी केली आणि तिच्यात आपली ओवी कोणी घालू नये, असे कळकळीने बजावले. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते, ‘एकनाथी भागवत’ लिहिणारे होते. तरी या कामात त्यांनी आपली प्रतिभा बाजूला ठेवली. मुळाकडे परतणे हेच तिथे खरे नवीकरण होते, आणि ते शक्य झाले कारण तुलनेसाठी प्रती उरल्या होत्या.

दुसरा नमुना सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या अमरावती जिल्ह्यातला आहे. रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या. ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन खात्री करून घेतली, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. आप्तवचनाची शिस्त ती हीच. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि महानुभाव अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा लिहिली. म्हणूनच लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ आज उपलब्ध आहेत. ग्रंथ वाचला, पण त्याची किंमत पाठभेदांच्या रूपाने मोजावी लागली. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तरली, या श्रद्धेलाही हाच आशय आहे. संताजी जगनाडे यांच्या वह्यांत आणि लोकांच्या कंठात ती आधीच पोहोचली होती.

या दोन नमुन्यांतून जतनाची दोन तत्त्वे निघतात. एक, प्रत मुळाबरहुकूम असावी आणि तिच्यात नंतरचे काही मिसळू नये. दुसरे, ती एकाच ठिकाणी असू नये. ड्रायव्हरांच्या बॅकअपलाही हीच दोन तत्त्वे पुरतात : नवे घेण्याआधीची अवस्था जशीच्या तशी उतरवून घ्यावी, आणि ती त्याच डिस्कवर ठेवू नये.

जुन्याची मर्यादा

जतनाचा आग्रह जुन्याच्या पूजेत बदलला तर तोही चुकतो. सही असलेल्या पण कच्च्या राहिलेल्या जुन्या ड्रायव्हरांचा आधार घेऊन हल्लेखोर संगणकाच्या गाभ्यात शिरतात. अशा ड्रायव्हरांना रोखणारी यादी विंडोज ११मध्ये २०२२च्या अपडेटपासून मुळातच चालू असते. जपून ठेवलेल्या संचातला एखादा ड्रायव्हर उद्या या यादीत जाऊ शकतो. मग त्याचे जुने असणे, आजवर नीट चाललेले असणे, सही असणे यांपैकी काहीच त्याच्या बाजूने पुरेसे साक्षीदार ठरत नाही.

त्याशिवाय, परत जाणे म्हणजे पूर्वीचेच होणे नव्हे. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे चाक, आस की दांडा. आणि कोणताही एक भाग रथ नाही, भागांच्या मांडणीला आपण रथ म्हणतो, असे दाखवतो. नैयायिक याला हरकत घेतात आणि अवयवांहून वेगळा अवयवी मानतात. ड्रायव्हर बदललेला संगणक तोच की दुसरा, यावर दोन्ही पक्षांकडून वाद घालता येईल. व्यवहारात निर्णायक ठरते ते सातत्य : काम तेच होते का, आणि काय बदलले याची नोंद आहे का. नोंद असलेला बदल उलगडता येतो. नोंद नसलेल्या बदलात दोष कुठला हे कळण्याचा मार्गच उरत नाही. एका वेळी एकच ड्रायव्हर बदलावा, या नियमाचे कारण हेच आहे. दहा ड्रायव्हर एकदम बदलले आणि यंत्र अडले, तर कार्य दिसते पण कारण सांगता येत नाही.

बदल करणाऱ्याचे कर्तव्य

शेवटी प्रश्न नीतीचा आहे. ड्रायव्हर बदलणारा आणि बदलाचे फळ भोगणारा हे नेहमी एकच नसतात. कियोस्कवरच्या संगणकात ठसे घेणाऱ्या यंत्रापुढे बिघाडाचे पिवळे चिन्ह उमटले, तर सौंसरच्या बाजाराच्या दिवशी पेन्शनचे पैसे काढायला आलेली म्हातारी हात हलवत परत जाते. तिने काही निवडले नव्हते. दुसऱ्याच्या कामाचे साधन ज्याच्या हाती आहे, त्याने स्वतःच्या चुकीची शक्यता आधीच हिशेबात धरणे ही तिच्याशी असलेली त्याची बांधिलकी आहे. बॅकअप म्हणजे नव्यावरचा अविश्वास नाही. आपले ज्ञान बाधित होऊ शकते याची ती प्रामाणिक कबुली आहे. ही कबुली दिल्यावरच नवे घेण्याचे धाडस नीतीला धरून होते.

म्हणून क्रम असा ठरतो. गरज नसताना केवळ आकडा पुढचा म्हणून ड्रायव्हर बदलू नये. सुरक्षिततेची त्रुटी, नवे यंत्र, नवी कार्यप्रणाली किंवा प्रत्यक्ष बिघाड ही योग्य कारणे होत. आधी चालू ड्रायव्हरांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. नवा ड्रायव्हर साक्षात ज्ञान असणाऱ्याकडून, म्हणजे लॅपटॉपच्या वा उपकरणाच्या निर्मात्याकडून किंवा विंडोज अपडेटमधून घ्यावा. तिसऱ्या पक्षाचे साधन अगदी शेवटी. एकेक ड्रायव्हर बदलावा, प्रत्येक बदलानंतर यंत्र पुन्हा सुरू करून छापून, ठसा घेऊन पाहावे, आणि तारीख लिहून ठेवावी. बिघडले तर विनासंकोच मागे यावे. नवे काही काळ निर्धोक चालले आणि जुन्यात त्रुटी असल्याचे आप्ताने सांगितले, तर जुनी प्रत टाकून द्यावी. तोपर्यंत ती राखणे हे नवीकरणाचेच अंग आहे.